मसुदा आला, मुदत तीस दिवस: औषध विक्रेत्यांच्या प्रतिनिधीने हरकत कशी लिहावी

सरकारी नियमाच्या मसुद्यावरची माझी पहिली हरकत चुकीच्या मंत्रालयात गेली होती. विषय होता औषधांच्या किमतीचा आणि किरकोळ विक्रेत्याच्या मार्जिनचा. नाशिकला पंचवटीतल्या माझ्या दुकानात बसून, संघटनेच्या लेटरहेडवर चार पानं भरून मी ती आरोग्य मंत्रालयाला धाडली. किमतीचा विषय रसायन व खते मंत्रालयाच्या औषधनिर्माण विभागाकडे आणि त्याखालच्या एनपीपीए या औषध-किंमत प्राधिकरणाकडे असतो, हे मला गोळे कॉलनीतल्या एका जुन्या होलसेलर शेठनी सांगितलं, तेही पत्र पोस्टात पडल्यावर. "अहो, सासरचं पत्र माहेरी टाकलंत की," म्हणाले आणि चहा सांगितला.

त्यानंतर बऱ्याच हरकती लिहिल्या. काही वेळेत गेल्या, एक मुदतीनंतर दोन दिवसांनी गेली, एका मुद्द्याला अंतिम नियमात जागा मिळाली (आमच्यामुळेच मिळाली असं म्हणणार नाही, तसं लिहिणारे इतरही असणार). संघटनेच्या बैठकीत "सर, तुम्ही एक पत्र लिहून टाका ना" हे वाक्य ज्यांच्या वाट्याला येतं, त्या तालुका आणि शहर प्रतिनिधींसाठी हे लिहितोय. मंत्रालयात मसुद्याची फाईल हाताळणारा अधिकारी आपला राग वाचायला बसलेला नसतो. त्याच्यासमोर मसुद्याचं एकेक कलम असतं, आणि त्या कलमासमोर लिहिण्याजोगं काही मिळालं तर त्याला ते हवंच असतं. पत्राची सगळी रचना त्या माणसाच्या सोयीने करायची.

आधी ओळखा, आलंय काय

ग्रुपवर जे येतं ते बहुतेकदा एखाद्या बातमीचं कात्रण असतं, वर लाल अक्षरात "सावधान केमिस्ट बंधूंनो". त्यावरून काहीही लिहू नका. मूळ पीडीएफ मिळवा. केंद्र सरकारच्या ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर ती असते, औषधांचे मसुदे सीडीएससीओच्या (केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेच्या) संकेतस्थळावरही टाकतात. औषध नियमांतले बदल राजपत्राच्या असाधारण अंकात, भाग दोन, खंड ३, उपखंड (एक) मध्ये छापले जातात. आधी हिंदी मजकूर, मग इंग्रजी. हिंदीत क्रमांकापुढे सा.का.नि. असतं, इंग्रजीत जी.एस.आर. हा क्रमांक आणि तारीख म्हणजे मसुद्याचा सातबारा. पत्रात तो चुकला तर पत्र कुठल्या फाईलला लावायचं हेच कळत नाही.

मग प्रश्न, हे कुणाचं आहे? औषध आणि सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० खालचे नियम आरोग्य मंत्रालय करतं. किमती आणि मार्जिन डीपीसीओ २०१३ (औषध किंमत नियंत्रण आदेश) खाली, म्हणजे औषधनिर्माण विभाग आणि एनपीपीए. शेड्यूल्ड, म्हणजे सरकारने कमाल किंमत ठरवलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के हे त्याच आदेशात लिहिलंय. फार्मासिस्टची नोंदणी, फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ वगैरे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाकडे. अंमली आणि मनोवर्ती पदार्थांचे नियम अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे. राज्यात आपलं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) सार्वजनिक आरोग्य विभागाखाली येत नाही, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाखाली येतं. यात भलेभले चुकतात, मी एकटाच नाही.

प्रत्येक गोष्टीचा मसुदा येत नाही, हेही ठाऊक हवं. २६ मार्च २०२० ला, लॉकडाउनच्या पहिल्या आठवड्यात, औषधं घरपोच देण्याची मुभा देणारी अधिसूचना थेट निघाली. ती १९४० च्या कायद्याच्या कलम २६ब खाली होती, तिथे आधी हरकती मागवायचं बंधन नाही. कलम २६अ खाली दोन-तीन औषधांचं एखादं कॉम्बिनेशन बंद होतं तेव्हाही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला, तेव्हाही आपल्याला कुणी विचारलं नव्हतं आणि जुन्या साठ्याचा हिशेब मात्र आपणच करत बसलो. अशा वेळी जे पाठवायचं ते निवेदन. हरकत आणि निवेदन यात फरक आहे. हरकतीचा विचार करणं सरकारवर कायद्याने बंधनकारक असतं, निवेदनाचं तसं नाही.

हे बंधन कुठून येतं तेही लिहून ठेवा, कामाला येतं. किरकोळ विक्रीचे नियम करण्याचा अधिकार १९४० च्या कायद्याच्या कलम ३३ मध्ये आहे. त्यात दोन अटी आहेत. औषध तांत्रिक सल्लागार मंडळाचा, म्हणजे डीटीएबीचा सल्ला घ्यायचा आणि नियम आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करायचे. मसुदा प्रसिद्ध केल्यावर पुढे काय करायचं ते जनरल क्लॉजेस ॲक्ट १८९७ च्या कलम २३ मध्ये सांगितलंय. आलेल्या हरकती-सूचना विचारात घ्यायच्या, हे तिथेच आहे. आता डीटीएबीवर कोण बसतं ते पाहा. औषध नियंत्रक, फार्मसीचे अध्यापक, औषध उद्योगाचा माणूस, डॉक्टरांच्या आयएमएचा प्रतिनिधी, इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनचा प्रतिनिधी. दुकानदारांच्या संघटनेसाठी राखीव खुर्ची नाही. त्या खोलीत आपल्या बाजूने काही पोचायचं असेल तर ते कागदावरच पोचतं.

तारीख

मुदत कधी ३० दिवस असते, कधी ४५. ८ जुलै २०२२ ला नवीन औषधे, वैद्यकीय उपकरणे व सौंदर्यप्रसाधने विधेयकाचा मसुदा आला तेव्हा ४५ दिवस दिले होते. नियमांच्या मसुद्यात बहुधा असं लिहितात की राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून इतके दिवस. ती तारीख अधिसूचनेच्या तारखेहून पुढची असू शकते. वाद घालायला हा मुद्दा छान आहे, पण आपण मोजताना अधिसूचनेच्या तारखेपासूनच मोजावं आणि त्यातून पाच दिवस वजा करावेत. काउंटरमागच्या कालनिर्णयवर तो दिवस लाल पेनाने गोल करा. आमच्यात ज्याने हे काम घ्यायचं त्याच्याच दुकानातलं कॅलेंडर रंगवतो, म्हणजे "मला वाटलं तुम्ही करताय" हे होत नाही.

वाचायचं कसं

दुरुस्तीचा मसुदा एकटा वाचून काही कळत नाही. "नियम ६५ मधील पोटनियम अमुकनंतर खालील मजकूर घालावा" एवढंच त्यात असतं. जुना नियम शेजारी ठेवा आणि नवीन मजकूर त्यात घालून पूर्ण नियम हाताने लिहून काढा. कंटाळवाणं आहे. पण मी जेव्हा जेव्हा हे टाळलं, तेव्हा एखादा शब्द सुटलाच.

लिहून काढल्यावर चार जागा तपासा. व्याख्या: दुकान, विक्री, प्रिस्क्रिप्शन यांचा अर्थ बदललाय का. कुणी करायचं: परवानाधारकाने, फार्मासिस्टने की "कोणत्याही व्यक्तीने". कधीपासून लागू. आणि मोडलं तर काय. बहुतेक दुकानदार थेट चौथ्याकडे धावतात. माझं मत असं की खरा घोळ व्याख्येत असतो. २८ ऑगस्ट २०१८ चा ई-फार्मसीचा मसुदा, सा.का.नि. ८१७(अ), घ्या. ५० हजार रुपये फी, तीन वर्षांची नोंदणी, अंमली औषधं आणि शेड्यूल एक्स (सगळ्यात कडक नियंत्रणाखालच्या यादीतली औषधं) विकायला बंदी, आठवड्याचे सातही दिवस किमान बारा तास ग्राहकांसाठी मदत, माहिती भारतातच ठेवायची. आपल्याकडे सगळी चर्चा "ऑनलाइन बंद करा" यावर झाली. पण पंचवटीतल्या दुकानदाराने व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो घेऊन पोराच्या हाती औषध पाठवलं, तर तो ई-फार्मसी होतो का? व्याख्येपाशी हा प्रश्न विचारणारी पत्रं मला फार थोडी दिसली.

त्या वर्षी २८ सप्टेंबरला देशभर बंद झाला, नाशिकमध्येही शटर खाली होती. बंद आपल्या जागी ठीक आहे, त्यानं मंत्र्यापर्यंत आवाज जातो. पण बंद केला म्हणून हरकत लिहायची गरज उरत नाही असं बऱ्याच जणांना वाटलं. तो मसुदा पुढे वर्षानुवर्षं अंतिम न होता पडून राहिला, आणि अशा पडलेल्या मसुद्याच्या फाईलमध्ये जे कागद असतात तेच पुढच्या मसुद्याच्या वेळी कुणीतरी उघडून बघतो.

काउंटरवर मोजा

"लाखो विक्रेत्यांचं नुकसान होईल" हे वाक्य दिल्लीत रोज येतं. "आमच्या जिल्ह्यातल्या बारा दुकानांत एक आठवडा मोजलं, तेव्हा असं दिसलं" हे येत नाही. म्हणून हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ देऊन करतो.

दहा-बारा दुकानं निवडा, पण सगळी कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरची नकोत. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि प्रत्येकाचं काउंटर वेगळं आहे. सातपूर किंवा अंबडला कंपनीची पाळी सुटली की एकदम गर्दी होते. मालेगावात झोपेच्या आणि नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न डोक्यावर असतो, तिथला विक्रेता चिठ्ठी तपासताना जे बघतो ते देवळ्याचा विक्रेता बघत नाही. सुरगाणा, पेठकडे रुग्ण बाजाराच्या दिवशी येतो, महिन्याचं औषध एकदम मागतो आणि परतीची जीप धरायच्या घाईत असतो. निफाड-पिंपळगावला द्राक्षांच्या हंगामात बाहेरगावचे मजूर येतात, त्यांच्याकडची चिठ्ठी कुठल्या गावची हे वाचायलाच पाच मिनिटं जातात. हे सगळं एका पत्रात आलं की वाचणाऱ्याला जिल्हा दिसतो.

मोजायची पद्धत अगदी साधी. एक कागद, काउंटरला चिकटवलेला, त्यावर तीन किंवा चार रकाने. त्याहून जास्त केले तर तिसऱ्या दिवशी कुणी भरत नाही. प्रत्येक वेळी एक रेघ, पाचवी आडवी. काय मोजायचं ते मसुद्यावर ठरतं. विषय चिठ्ठीचा असेल तर तारीख नसलेल्या चिठ्ठ्या, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसलेल्या, पुन्हा पुन्हा वापरलेल्या जुन्या. विषय पोर्टलचा असेल तर वीज किंवा नेट किती वेळ गेलं. विषय पट्टी कापण्याचा असेल तर किती गिऱ्हाइकांनी पूर्ण स्ट्रिप न घेता दोन-चार गोळ्या मागितल्या. आठवडा पूर्ण मोजा, रविवारसह.

रुग्णाचं नाव, मोबाईल, आजार कागदावर येता कामा नये. फक्त रेघा. आणि आलेले आकडे जसे आहेत तसे लिहा. एकदा आमच्या मोजणीत आमच्याच म्हणण्याच्या उलटं निघालं. आम्ही म्हणत होतो की अमुक प्रकारच्या चिठ्ठ्या फार येतात, मोजल्यावर अगदी थोड्या निघाल्या. तो मुद्दा पत्रातून काढला. दोघे-तिघे नाराज झाले.

बैठक

रविवारी दुपारी, दीड तास. रात्री दुकान वाढवून झाल्यावर ठेवलेली बैठक जेवणावर घसरते.

कुणाला बोलवायचं हे महत्त्वाचं. किरकोळ विक्रेते असतातच. होलसेलर एक हवा, कारण बऱ्याच तरतुदींत त्याचं आणि आपलं हित एकाच बाजूला नसतं, आणि ते तिथेच कळलेलं बरं. एखाद्या रुग्णालयातल्या फार्मसीचा माणूस. एक ग्रामीण दुकानदार, तो येऊ शकत नसेल तर फोन स्पीकरवर. आणि पगारावर काम करणारा एक तरी फार्मासिस्ट, ज्याचं स्वतःचं दुकान नाही. हा शेवटचा माणूस आपल्या बैठकांत जवळजवळ कधीच नसतो. फार्मासिस्टच्या हजेरीबद्दलच्या तरतुदीवर मालक मंडळी जे बोलतात आणि तो जे बोलतो यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

इथे एक कडू गोष्ट. कायद्याने चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं. आणि काही ठिकाणी भिंतीवर सर्टिफिकेट एकाचं, काउंटरवर दुसराच, हे आपल्याला, गिऱ्हाइकाला आणि डीआयला (औषध निरीक्षकाला), सगळ्यांना माहीत आहे. अशा स्थितीत पत्रात "प्रत्येक औषध दुकानात पूर्णवेळ फार्मासिस्ट असतो, म्हणून ही तरतूद अनावश्यक आहे" असं लिहिलं की पुढचं खरं लिहिलेलंही खोटं वाटतं. ते वाक्य लिहू नका. त्याऐवजी आठवड्याची सुटी, आजारपण, बाळंतपण अशा दिवशी छोट्या दुकानाने बदली फार्मासिस्ट कसा दाखवावा, याची सोपी कायदेशीर वाट मागा. ती मागणी रास्त आहे आणि मान्य होण्यासारखीही.

बैठकीत एकमत झालं नाही तर दोन्ही मतं पत्रात लिहावीत. "बहुसंख्य सदस्यांचं मत असं, ग्रामीण सदस्यांचं मत वेगळं, ते असं." आमच्या अध्यक्षांना आधी हे पटत नव्हतं, फूट दिसेल म्हणून.

आता लिहिणं

समजा, उद्या असा मसुदा आला: शेड्यूल एच१ मधल्या औषधांची नोंद विक्रीच्या दिवशीच रात्री बारापर्यंत सरकारी पोर्टलवर करावी. (हे उदाहरण मी रचलेलं आहे, ग्रुपवर फॉरवर्ड करू नका.) एच१ यादी ३० ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेने आली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली, सुरुवातीला ४६ औषधं. वरच्या पिढीतली अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, सवय लागणाऱ्या काही गोळ्या. नोंदवही तेव्हापासून आपण ठेवतोच.

आपल्याकडचं नेहमीचं पत्र यावर असं जाईल:

"सदर नियम अत्यंत जाचक असून छोट्या औषध विक्रेत्यांचे कंबरडे मोडणारा आहे. औषध विक्रेता अहोरात्र सेवा देत असताना त्याच्यावर असा अविश्वास दाखवणे खेदजनक आहे. तरी सदर नियम त्वरित मागे घ्यावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल."

हे वाचून अधिकारी फाईलवर "विरोध" असा एक शब्द लिहील आणि पुढचं पत्र घेईल. आता हेच पाच रकान्यांत मांडू.

पहिला रकाना, मसुद्यातला कलम क्रमांक.

दुसरा, सध्याची तरतूद: नियम ६५ नुसार एच१ औषध देतानाच वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरांचं नाव व पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव आणि दिलेलं प्रमाण लिहायचं, नोंदी तीन वर्षं ठेवायच्या, तपासणीला खुल्या.

तिसरा, आमचं म्हणणं: अँटिबायोटिक्सच्या गैरवापराला आळा घालण्याचा हेतू मान्य. संगणकीय नोंदीला विरोध नाही. त्याच दिवसाच्या मुदतीला हरकत.

चौथा, कारण: सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतल्या इतक्या दुकानांत अमुक आठवड्यात मोजणी केली, इतक्या दिवशी संध्याकाळी नेट बंद होतं (इथे आपला खरा आकडा). अशा दिवशी विक्रेता एकतर औषध नाकारेल किंवा नियम मोडेल. शिवाय टीबीच्या रुग्णांची माहिती विक्रेत्यांनी कळवणं मार्च २०१८ पासून बंधनकारक आहेच, ती निक्षय या क्षयरोगाच्या सरकारी पोर्टलवर जाते. तीच नोंद दोनदा करावी लागेल.

पाचवा, सुचवलेली शब्दरचना: "नोंद औषध देतानाच कागदी किंवा संगणकीय नोंदवहीत करावी आणि पुढील सात दिवसांत पोर्टलवर चढवावी. क्षयरोगाच्या औषधाबाबत निक्षय पोर्टलवर माहिती दिली असल्यास त्या नोंदीचा क्रमांक देणे पुरेसे समजावे."

पाचवा रकाना लिहिताना सगळ्यात जास्त घाम येतो आणि बहुतेक पत्रांत तोच नसतो. अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. मसुदा मागे घेणं त्याच्या हातात नाही, पण "त्याच दिवशी"च्या जागी "सात दिवसांत" करणं हे तो वरिष्ठांपुढे ठेवू शकतो. त्याला शब्द तयार मिळाले तर तो वापरतो.

तिसऱ्या रकान्यात "हेतू मान्य" लिहिलंय, ते शिष्टाचार म्हणून नाही. अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकली जातात आणि त्यात आपला वाटा आहे, हे समोरच्याला ठाऊक असतं. त्याच मसुद्यावर डॉक्टरांच्या आणि ग्राहकांच्या संघटनाही लिहिणार आहेत, आपल्याविरुद्ध. त्यांचा मुद्दा आपण आधीच मान्य करून अडचण फक्त मुदतीची आहे असं दाखवलं, तर आपलं म्हणणं त्यांच्या म्हणण्यासोबत एका नियमात बसू शकतं.

चौथ्या रकान्यातल्या टीबीच्या मुद्द्याची गोष्ट सांगतो. या उदाहरणाचा कच्चा खर्डा करताना एक तरुण दुकानदार म्हणाला, "भाऊ, रुग्णाची प्रायव्हसी टाका, सध्या तेच चालतं." पण टीबी रुग्णाचं नाव आपण सरकारला आधीच देतोय. मग "नाव देणार नाही" असं सरसकट लिहिलं की समोरचा एका ओळीत खोडून काढतो. दुहेरी काम होतंय हा मुद्दा छोटा आहे, पण तो खोडता येत नाही.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. एका पत्रात पाच-सहा मुद्दे पुरेत, सगळ्यात बळकट मुद्दा पहिला. पत्राच्या सुरुवातीला आपण कोण ते दोन ओळींत: किती सदस्य, कुठला भाग. धंद्याचं हित असेल तर लपवू नका. "या तरतुदीने दुकानाचा खर्च वाढेल" हे सरळ लिहावं आणि मग रुग्णावर काय परिणाम होईल ते. सगळंच रुग्णाच्या नावावर खपवलं की वाचणारा हसतो. केंद्राला इंग्रजी किंवा हिंदीत लिहावं, राज्याला मराठीत बिनधास्त. इंग्रजी जड असेल तर आधी मराठीत लिहा आणि फार्मसी कॉलेजातल्या एखाद्या सरांकडून भाषांतर तपासून घ्या, मात्र त्यांना मजकूर सजवू देऊ नका.

आणि एक धोक्याची सूचना. "आमचे सदस्य अमुक कंपनीचा माल ठेवणार नाहीत", "मार्जिन इतकं मिळाल्याशिवाय विक्री करणार नाही", "संघटनेच्या एनओसीशिवाय नवा स्टॉकिस्ट नको" असली वाक्यं पत्रात, ठरावात किंवा बैठकीच्या इतिवृत्तातही येऊ देऊ नका. एनओसी आणि ठरवून घेतलेल्या मार्जिनवरून भारतीय स्पर्धा आयोगाने केमिस्ट संघटनांविरुद्ध आदेश दिलेले आहेत. आपल्याच लेटरहेडवर आपल्याच सह्यांनी पुरावा तयार करायचं कारण नाही.

पाठवणं

पत्ता मसुद्यातच दिलेला असतो, बहुधा शेवटच्या परिच्छेदात, ईमेलसह. त्याच पत्त्यावर ईमेल करा आणि स्पीड पोस्टही. विषयाच्या ओळीत सा.का.नि. क्रमांक आणि तारीख. पीडीएफ अशी द्या की त्यातला मजकूर कॉपी करता येईल. सही-शिक्क्याचं स्कॅन वेगळं जोडा. पूर्वी मी फक्त स्कॅन पाठवायचो, तेही मोबाईलने काढलेलं, कोपऱ्यात अंगठा. आपली सुचवलेली शब्दरचना त्यातून कुणी पुन्हा टाइप करत बसणार नाही. स्पीड पोस्टची पावती आणि ईमेलची प्रत एकाच फाईलला.

प्रत राज्य संघटनेला द्या, नाशिकच्या एफडीए सहआयुक्तांना माहितीसाठी द्या, खासदारांच्या कार्यालयातही एक ठेवा. नियम अंतिम झाल्यावर १९४० च्या कायद्याच्या कलम ३८ नुसार संसदेसमोर ठेवावे लागतात, तेव्हा प्रश्न विचारायला त्यांच्याकडे कागद असावा.

सदस्यांना एकच मजकूर देऊन दोनशे सह्या गोळा करण्याची आपल्याकडे आवड आहे. दोनशे सारखी पत्रं म्हणजे एक पत्र आणि दोनशे पाकिटं. त्यापेक्षा आठ-दहा दुकानदारांनी आपापल्या काउंटरची एकेक गोष्ट अर्ध्या पानात लिहून स्वतंत्र पाठवावी. इंग्लंडमध्ये औषध दुकानांच्या वतीने सरकारशी वाटाघाटी करणारी कम्युनिटी फार्मसी इंग्लंड नावाची संस्था आहे, २०२३ पर्यंत तिचं नाव पीएसएनसी होतं. ती आपली उत्तरं सगळ्यांना वाचायला खुली ठेवते. ते बघून आम्हीही आमची हरकत सदस्यांना पाठवायला लागलो, "यातला मजकूर उतरवू नका, तुमचं वेगळं असेल ते लिहा" अशा चिठ्ठीसह.

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने जाहिरात देऊन निवेदनं मागवली असतील तर गोष्ट थोडी वेगळी. समितीकडे दिलेलं निवेदन तिच्या दप्तराचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं. ते ग्रुपवर टाकू नका. तोंडी बाजू मांडायची असेल तर तसं त्यातच लिहा.

स्थानिक पातळीवर तर राजपत्र वगैरे काही नसतं, एक फोन येतो आणि बैठक असते. सिंहस्थाच्या नियोजनाचं तेच. २०१५ च्या पर्वण्यांना बॅरिकेडमुळे गोळे कॉलनीतून रामकुंडाकडच्या दुकानांपर्यंत माल आणणं म्हणजे डोक्यावर खोकी घेऊन चालणं होतं. २०२७ साठी आम्ही तोंडी न बोलता एक पानाचा कागद नेला: माल पोचवणाऱ्या पोरांसाठी पास, कोणत्या वेळेत कोणत्या रस्त्याने, पर्वणीच्या दिवशी उघडी राहणाऱ्या दुकानांची यादी, आणि परप्रांतातून आलेल्या भाविकाकडे अर्धवट चिठ्ठी असेल तर काय करायचं याबद्दल लेखी सूचना. पद्धत तीच, फक्त रकाने कमी.

नंतर

अंतिम अधिसूचना आली की तिच्या प्रस्तावनेत "जनतेकडून आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करण्यात आला" अशा अर्थाचं वाक्य सापडेल. ते ठरीव असतं, त्यावरून काही कळत नाही. मसुदा आणि अंतिम नियम शब्दाला शब्द लावून बघा. काय बदललं, काय नाही, याची पेन्सिलीने नोंद. डीटीएबीच्या बैठकांची इतिवृत्तं सीडीएससीओच्या संकेतस्थळावर येतात, आपला विषय तिथे शोधा.

काहीच बदललं नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये, तीस दिवस. "आमच्या हरकतीचं काय झालं" असं मोघम विचारू नका, उत्तर "विचार करण्यात आला" असंच येईल. अमुक क्रमांकाच्या मसुद्यावर आलेल्या हरकतींचा गोषवारा आणि त्यावरच्या टिपणीची प्रत मागा. केंद्राच्या २०१४ च्या पूर्व-विधी सल्लामसलत धोरणात आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकावा असं म्हटलंय, त्याचा उल्लेख अर्जात करा. धोरण आहे, कायदा नाही, पण उल्लेखाने फरक पडतो.

ही सगळी कागदपत्रं एका फाईलमध्ये, तीही संघटनेच्या कपाटात. माझी फाईल बरीच वर्षं माझ्याच दुकानात, इन्सुलिनच्या फ्रिजवर होती. एकदा फ्रिज गळला आणि त्यात पावत्या, मोजणीचे कागद, त्या पहिल्या चुकलेल्या पत्राची कार्बन कॉपी, सगळं भिजलं. आता एक संच कपाटात आहे, एक पेनड्राइव्हवर सचिवांकडे, आणि मोजणीचे कोरे कागद बारा दुकानांत आधीच वाटून ठेवलेत.